नासपतीच्या दरीतली होडी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेत हातात धरायची नव्हे, सरकारी कचेरीच्या दारावर टांगतात ती लाकडी पाटी. लांबीला पुरुषभर, रुंदीला दोन वीत. जाडी मात्र विचारू नका, कारण ती ठरलेली नाही. सरकारदरबारी माझ्या गावाचा दर्जा बदलला की मला खाली उतरवत, जुनी अक्षरे रंध्याने काढून टाकत आणि नवी कोरत. प्रत्येक वेळी माझे थोडे अंग भुशात जाई. गावाचा मान वाढला तरी मी झिजले आणि गावाचा मान गेला तरी मीच झिजले.

माझा जन्म मेजु गावाच्या उत्तरेच्या दरीत झाला. तिथे रानटी नासपतीची इतकी झाडे होती की लोक आधी त्या दरीला आणि पुढे सगळ्या गावालाच बेगोल म्हणू लागले. आमच्या भाषेत नासपतीला 'बे' म्हणतात आणि दरीला 'गोल'. मेजु हे नाव राजाच्या कागदावर होते, बेगोल लोकांच्या तोंडी. दोन्ही नावे सुखाने नांदत होती. अशाच एका नासपतीच्या खोडातून मला कापले, तीन वर्षे सावलीत वाळवले आणि माझ्यावर सरकारी लिखाणाच्या ठसठशीत चिनी अक्षरांत कोरले, 'मेजु मोक'. मोक म्हणजे मोठा परगणा. राजधानीहून नवा अधिकारी आला की आसपासच्या गावांचे मुखिया रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेत वाकून उभे राहत. मी दारावरून ते पाहत असे आणि मला वाटे, हे सगळे मलाच वाकताहेत. तेव्हा मी चार बोटे जाड होते आणि माझा ताठा त्याहून जाड होता.

तो ताठा एका दिवसात उतरला. गावातल्या एका माणसाने दारूच्या नशेत स्वतःच्या बापाला मारले आणि बाप त्यात गेला. मुलाला शिक्षा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण तेव्हाचा कायदा असा, की ज्या गावात असा मुलगा निपजतो ते गावही दोषी. मेजुचा मोक गेला. सर्वांत खालच्या पायरीचा लहान परगणा म्हणून आमची नोंद झाली, तीही दहा वर्षांसाठी. अधिकारी लहान आला, त्याचा घोडाही लहान होता. बाजारात शेजारच्या गावचे लोक आमच्या लोकांना म्हणत, "या, बापाला मारणाऱ्यांनो." ज्यांनी आयुष्यात कोणाला चापट मारली नव्हती, ते माना खाली घालून भाजी विकत घेत. मी रागाने धुमसत असे. एकाच्या हाताचे पाप हजार जणांच्या कपाळी का, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही.

दहा वर्षे लोकांनी दात-ओठ खाऊन काढली. मग दर्जा परत मिळाला, मला पुन्हा रंधा लागला. त्यानंतरची दोनशे-अडीचशे वर्षे मी आरामात टांगलेली होते. त्यांत सांगण्यासारखे काही नाही. पुढे राजवाड्यात सुधारणांचे वारे सुटले. एका वर्षी सगळ्या देशाचे तेवीस तुकडे केले, पुढच्याच वर्षी ते मोडून तेरा प्रांत केले. परगण्याचा आमचा जिल्हा झाला. त्या दोन वर्षांत मला दोनदा खाली उतरवले. दुसऱ्या वेळी सुतार वैतागून म्हणाला, "यांचं एकदा काय ते ठरू दे, मग मला बोलवा."

पण यांचे ठरायच्या आत जपानी आले आणि ठरवणारेच बदलले. त्यांनी जिल्हे जिल्ह्यांत घातले. आमचा जिल्हा शेजारच्या होचॉन जिल्ह्याने गिळला आणि मेजु हे नाव कागदावरून पुसले गेले. जिथे मोठा परगणा होता तिथे आता दहा-बारा वाड्यांची एक छोटी कचेरी राहणार होती आणि तिला नवे नाव हवे होते.

ते नाव लिहायला एक तरुण कारकून आला. तो इथला नव्हता, समुद्रकाठचा होता. बिचारा आठवडाभरात तीस गावांची नावे लिहीत हिंडत होता आणि त्याच्या पायांना फोड आले होते. तो माझ्याखाली पायरीवर बसला, वही उघडली आणि अंगण झाडणाऱ्या म्हाताऱ्याला विचारले, "काका, या जागेला लोक काय म्हणतात?"

"बेगोल, साहेब."

कारकुनाने मान वर न करता लिहून घेतले. मित्रांनो, आमच्या भाषेत नासपतीला 'बे' म्हणतात हे मी सांगितले. होडीलाही 'बे'च म्हणतात, हे सांगायचे राहिले. बोलताना दोन्ही सारखे. चिनी अक्षरांत लिहिताना मात्र दोन्हींची अक्षरे वेगळी. समुद्रकाठी वाढलेल्या माणसाने 'बे' ऐकले की त्याच्या डोळ्यांपुढे होडीच येणार. त्याने लिहिले, होडीची दरी. समुद्र आमच्यापासून चार दिवसांच्या वाटेवर आहे.

महिन्याभराने तोच कारकून शिक्कामोर्तब झालेला कागद घेऊन आला. मला खाली उतरवले आणि प्यो नावाच्या कारागिरापुढे ठेवले. प्योने कागद वाचला, पुन्हा वाचला आणि कारकुनाला गाठले.

"साहेब, काहीतरी चुकलंय. ही होडीची दरी झाली."

"मग? बेगोलच ना?"

"बेगोलच. पण नासपतीची. इथं होडी आणायची तर खांद्यावर घेऊन डोंगर चढावा लागेल."

कारकुनाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चूक त्याला कळली होती. पण तो हळू आवाजात म्हणाला, "कागद वर गेला, शिक्का बसला. मी चूक म्हटलं तर माझी नोकरी जाईल. तुम्ही म्हटलंत तर तुम्हाला ठाण्यात नेऊन बसवतील. कोरून टाका, दादा. नाव तर आहे नुसतं. त्यानं कुणाचं पाणी अडणार आहे?"

प्योने कोरले. होडीचे अक्षर त्याने सर्वांत शेवटी कोरले.

चार वर्षांनी मोठी साथ आली. ताप येई, चार दिवसांत माणूस जाई. साऱ्या देशात तेच चालले होते, पण आमच्या लोकांना फक्त आपल्या घरातल्या तिरड्या दिसत होत्या. तेव्हा जमिनीचे गुणदोष सांगणारा एक पंडित वाटेने आला. कुठल्या डोंगराखाली कबर चांगली, कुठे घर वाईट, हे सांगणारे असे लोक आमच्याकडे फार मानले जात. गावात शिरताना त्याने आधी मला वाचले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मग तो टेकडीवर चढला, बराच वेळ खाली बघत राहिला आणि उतरून म्हणाला, "गावाचा आकार होडीचा आहे. आणि होडीत तुम्ही तीन विहिरी खणून ठेवल्यात. बुडणार नाही तर काय होईल?"

लोक घाबरलेले होते. घाबरलेल्या माणसाला कारण हवे असते, कुठलेही चालते. प्रत्येक घराने एकेक धोंडा आणला आणि तिन्ही विहिरी बुजवल्या. साथ तशीही ओसरत आली होती. पण विहिरी बुजल्या आणि साथ थांबली, एवढेच सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्या दिवसापासून बेगोलच्या बायका डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घडा ठेवून खालच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. उतरायला अर्धा तास आणि चढायला त्याहून जास्त. हिवाळ्यात वाटेवर बर्फ असे. कारकून म्हणाला होता कुणाचे पाणी अडणार आहे, आणि तेच अडले. जपानी गेले, देश दुभंगला, लढाई झाली, कचेरीचे छप्पर दोनदा उडाले. बायकांच्या डोक्यावरचा घडा मात्र चाळीस वर्षांनीही तसाच होता.

मग ओक्रे उभी राहिली. ही प्यो कारागिराची नात. गावात तिला कोणी ओक्रे म्हणत नसे, मुलीवरून जॉमीची आई म्हणत. नवरा लढाईत गेला तो परतला नव्हता. त्या वर्षी हिवाळ्यात सोळा वर्षांची जॉमी भरल्या घड्यासकट बर्फावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. हाड वाकडे बसले. पोर लंगडत चालू लागली. ओक्रे रडली असेल तर घरी रडली असेल. वसंतात कचेरीच्या अंगणात गावची बैठक भरली तेव्हा ती माझ्याखाली येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला कचेरीमागची विहीर उकरायची आहे."

बैठकीत सर्वांत वडील होते यॉम आजोबा. डोक्यावर घोड्याच्या केसांची काळी टोपी, हातात काठी. साथीच्या साली त्यांच्या घरातून आठ दिवसांत तिघे गेले होते, दोन भाऊ आणि तान्हा मुलगा. विहिरीत पहिला धोंडा त्यांनी टाकला होता.

"जॉमीची आई, तुझं दुःख कळतं मला," ते म्हणाले. "पण होडीला भोक पाडून कुणी तहान भागवतं का?"

"आजोबा, होडी कुठाय? याच गावात जन्मले, याच गावात दिली. अजून एक वल्हं माझ्या नजरेला पडलं नाही."

लोक हसले. आजोबांनी काठी वर करून माझ्याकडे रोखली. "पाटीवर काय लिहिलंय ते वाच."

"तेच सांगतेय. ते माझ्या आजोबांनी कोरलंय. मरताना म्हणाले, पोरी, जन्मात एकच अक्षर खोटं कोरलं, आणि ते सगळ्या गावाच्या डोक्यावर चढलं. पाटीचं लाकूडसुद्धा नासपतीचं आहे, इथलंच."

"होड्यापण लाकडाच्याच असतात," आजोबा म्हणाले.

पुन्हा हशा झाला, या वेळी तिच्यावर. मला इतके वाईट वाटले की काय सांगू. मी साक्षीदार होते आणि माझी साक्ष कोणी घेत नव्हते. ओक्रेने कचेरीच्या साहेबांकडे पाहिले. साहेब खाकरले. "कागदावर होडी आहे, बाई. कागदाबाहेर मी कसा जाऊ? गावानं काय ते ठरवावं."

"गाव ठरवणार नाही, मी ठरवलंय," ओक्रे म्हणाली. "उद्यापासून उकरते. गाव बुडायला लागलं तर सगळ्यांत तळाशी मीच असेन ना?"

"आणि वर आम्ही," मागून एक बाई म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा नव्हती, भीती होती.

त्याच आठवड्यात कचेरीला नवी पाटी आली, आमच्या देशी लिपीतली. मला उतरवून मागच्या कोठीत उभे केले. कोठीची खिडकी बुजलेल्या विहिरीवर उघडत होती, म्हणून पुढचे सगळे मी पाहिले.

ओक्रे पहाट झाली की येई. कुदळ, टोपली आणि दोर. वरची माती काढली की धोंडे लागले, घराघरांतून आलेले. एकेक धोंडा ती दोराने ओढून काढी आणि जॉमी काठावर बसून दोर धरी. येणारेजाणारे बघत आणि बाजूने जात. शिव्या कोणी दिल्या नाहीत. पण भाताची लावणी आली तेव्हा गावाने आपले म्हणणे सांगितले. आमच्याकडे लावणी एकट्याने होत नाही. आज सगळे माझ्या शेतात, उद्या सगळे तुझ्या. त्या वर्षी ओक्रेच्या शेतात कोणी उतरले नाही. मायलेकींनी जमेल तेवढे लावले आणि अर्धे शेत मोकळे राहिले. येत्या वर्षी अर्धे पोटच भरणार, हे तिला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती कुदळ घेऊन हजर होती.

लावणीनंतर शेजारची पिल्सून आली. बाहीने घाम पुसत काठावर बसली आणि खाली डोकावून म्हणाली, "जॉमीची आई, किती खोल गेलीस?"

"आठ हात. तू कशाला आलीस? सासू बोलेल."

"बोलू दे. रोज दोन वेळा डोंगर चढून माझी मान कायमची आखडलीय. मरायचंच असलं तर घराजवळ मरते. टोपली दे इकडं."

त्यानंतर आणखी दोघी आल्या. बाकीच्या लांबून पाहत, पण पूर्वीसारख्या मान फिरवत नव्हत्या. बारा हातांवर धोंडे संपले, चौदाव्या हाताला माती ओली लागली. पंधराव्या हाताला ओक्रेच्या घोट्यांपर्यंत गढूळ पाणी आले. ती खालून ओरडली नाही, नाचली नाही. "टोपली नको आता, बादली सोडा," एवढेच म्हणाली.

बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागतो? लोक जमले, पण विहिरीपासून पाच पावलांवर थांबले. पाणी निवळले तरी ते प्यायला कोणी पुढे होईना. ओक्रे चिखलाने माखून वर आली, ओंजळभर पाणी प्यायली आणि तिने जॉमीला दिले. तेवढ्यात गर्दीत वाट झाली आणि यॉम आजोबा काठी टेकत आले.

ते काठावर उभे राहिले, खाली पाहिले. बाहेर काढलेल्या धोंड्यांकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "तुझे आजोबा खरंच तसं म्हणाले होते?"

"हो, आजोबा."

"म्हणजे होडी कधी नव्हतीच."

"नव्हती."

आजोबांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "मग माझी माणसं कशानं गेली गं?"

ओक्रेला तेव्हा हवे ते बोलता आले असते. चाळीस वर्षांचे घडे होते, जॉमीचा पाय होता, अर्धे शेत होते. ती म्हणाली, "साथीनं गेली, आजोबा. गावाचा काही दोष नव्हता. तुमचाही नव्हता."

मित्रांनो, बापाला मारणाऱ्यांचे गाव म्हणून दहा वर्षे मान खाली घालून फिरणारी माणसे मला आठवली. त्यांना हे असे कोणी सांगितले असते तर! त्यांना सांगायला ओक्रे नव्हती. यॉम आजोबांना सांगायला होती. आजोबा मटकन धोंड्यावर बसले आणि सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडले. पिल्सूनने पाणी प्यायची वाळक्या दुधीची वाटी घेतली, भरली आणि त्यांच्या हातात दिली. आजोबांनी ते सगळे पाणी पिऊन टाकले.

पण आयुष्यभर बोललेला शब्द म्हातारा माणूस एका दुपारी टाकून देत नाही. डोळे पुसून त्यांनी घसा साफ केला आणि गावाकडे वळून करड्या आवाजात म्हणाले, "तरी कागदावर होडी आहे. होडीला भोक पडलं तर बूच लागतं. ती जुनी पाटी कुठं आहे? विहिरीवर झाकण म्हणून बसवा, नावासकट. मग कुणाला काही व्हायचं नाही."

ओक्रेच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आले, ते तिने गिळले. "आजोबा म्हणतात तसंच करू," ती म्हणाली. लोकांच्या छातीवरचा भार उतरला. पाच पावले मागे थांबलेल्या बायका घडे घेऊन पुढे आल्या. संध्याकाळी मला कोठीतून काढले, अर्ध्यातून कापले, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी जोडले आणि अक्षरे खाली करून विहिरीवर बसवले. कापताना दुखले. पण मला सांगायला अभिमान वाटतो, इतक्या वर्षांत ज्या ज्या कामांसाठी मला हात लावला त्यांतले हे पहिलेच काम लोकांच्या उपयोगाचे होते. पुढच्या वर्षी लावणीच्या पहिल्या दिवशी सगळे गाव ओक्रेच्या शेतात उतरले.

आज ओक्रे नाही, यॉम आजोबा नाहीत. बेगोल आता वेगळे गावही उरले नाही. होचॉन शहर वाढत वाढत आले आणि आम्हाला पोटात घेऊन आमचा एक वॉर्ड केला. पालिकेने चौकाचौकांत होडीचे चित्र लावले आहे. जॉमी सत्तरीपार गेली, पण दरवर्षी लंगडत कचेरीत जाते आणि नाव दुरुस्त करा म्हणून अर्ज देते. दरवर्षी उत्तर येते, 'विचार चालू आहे'. ती म्हणते, "चालू दे. माझ्या आईनं पंधरा हात उकरलं, मी अर्जसुद्धा लिहू नये?" दरवर्षी शरदात ती मला उलटीपालटी करून पुसते, तेल लावते, पाण्याकडच्या अक्षरांतले शेवाळ काढते. म्हणून मी कुजले नाही. लाकूड काळाने मरत नाही, मित्रांनो, दुर्लक्षाने मरते. गावांच्या नावांचेही तसेच आहे.

तुमच्यातले कोणी मोठेपणी कचेरीत बसतील, गावांची आणि माणसांची नावे लिहितील. कान दमलेले असतील, पायांना फोड आले असतील, तरी लिहिण्याआधी मान वर करा आणि समोरच्याला एकदा विचारा, म्हणजे नक्की काय? आणि चूक झालीच, तर शिक्का बसला म्हणून ती दुसऱ्यांच्या डोक्यावर ठेवू नका.

मी आता इथून हलणार नाही. कडाक्याच्या थंडीत शहराचे नळ गोठतात तेव्हा गाड्या थांबवून लोक या गल्लीत येतात, मला बाजूला सरकवतात आणि बादली सोडतात. मी होडी आहे की नासपती, असे त्यांच्यापैकी कोणी विचारत नाही. त्यांना तहान लागलेली असते, आणि माझ्याखाली पाणी आहे.